चिलटाचा गिअर उजवीकडे कसा गेला

आजकालचा माणूस चिलटावर, म्हणजे त्या जुन्या मोटरसायकलवर, पहिल्यांदा बसला, की डाव्या पायानं गिअर शोधतो. तिथं असतो ब्रेक. गाडी गचकन थांबते, मागं बसलेल्याचं नाक पुढच्याच्या पाठीवर आपटतं आणि मग तोच जुना प्रश्न निघतो. अरे, हा गिअर उजवीकडे ठेवला तरी कुठल्या शहाण्यानं?

उत्तरांना तोटा नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला! एक म्हणतो, कारखान्याचा मालक डावखुरा होता. आता डावखुऱ्याला गिअर उजवीकडे कशाला लागेल, हे त्याला कोण विचारणार? दुसरा म्हणतो, लढाईत डावा पाय गमावलेल्या शिपायांसाठी केलेली ती सोय. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात तर असे एकेक पंडित भेटतात, की त्यांच्यापुढं तोंड उघडायची सोय नाही. आणि खुद्द कारखान्यानं छापलेल्या चोपडीत काय लिहिलंय? 'आमच्या ड्रॉइंग ऑफिसच्या प्रमुखांची दूरदृष्टी.' दूरदृष्टी! डोंबलाची दूरदृष्टी! त्या प्रमुखांना जवळचं दिसायला एक चष्मा लागायचा आणि लांबचं दिसायला दुसरा.

चिलट हे काही तिचं खरं नाव नव्हे. कागदोपत्री त्या मोटरसायकलला एक आकडा होता. तो कारखान्याच्या फाटकाबाहेर कोणी उच्चारला नाही. गाडी लहानखुरी, दोघांनी उचलून जिना चढवावी एवढी हलकी, आणि आवाज असा, की कानाशी काहीतरी गुणगुणतंय म्हणून माणसानं हात झटकावा. लोकांनी बारसं केलं ते कायमचं. टू-स्ट्रोक इंजिन म्हणजे गरिबाचा संसार. वर झडपा नाहीत, खाली वेगळं ऑइल नाही. पेट्रोलमध्येच ऑइल कालवायचं, तेही टाकीच्या झाकणानं मापून, आणि मारायची किक. मागून निळा धूर निघाला की समजावं, तब्येत ठणठणीत आहे. पोस्टमन तिच्यावर फिरले, सुइणी फिरल्या, गुराढोरांचे डॉक्टर फिरले. लग्न ठरलेली पोरं तर विचारूच नका. पुढं बसून कोणी हात सोडून दाखवले, मागं बसून कोणी डोळे मिटून घेतले.

आणि ही काही आपल्या एकट्यांचीच गाडी नव्हे. मोठ्या लढाईत हरलेल्या एका देशात ती जन्मली. लढाई संपल्यावर जिंकलेल्यांनी तिची ड्रॉइंगं वाटून घेतली, त्यांच्याकडून आणखी कोणी घेतली, आणि बघता बघता देशोदेशी तिच्या बहिणी रस्त्यावर आल्या. कुणाची टाकी गोल, कुणाचा दिवा मोठा, पण हाडंपेरं एकच. सगळ्या बहिणींचे गिअर डावीकडे. आपल्या चिलटाचा तेवढा उजवीकडे. का, ते आता ऐका. चोपडी ठेवा बाजूला.

कारखाना तेव्हा पाण्याचे पंप करायचा. लढाई थांबली तसे सैन्याला पंप नकोसे झाले आणि मालकांच्या तोंडचं पाणी पळालं. भट्ट्या गार, माणसं बसून. अशात कुठून कुठून हिंडत त्या ड्रॉइंगांच्या दोन गुंडाळ्या मालकांच्या हाती लागल्या. एकीत इंजिन, दुसरीत फ्रेम आणि चाकं. सोबत एक नमुन्याची जुनी गाडीही आली, पण तिचं इंजिन वाटेतच कोणी काढून घेतलं होतं. मालकांनी त्या दोन गुंडाळ्या छातीशी धरून आणल्या आणि ड्रॉइंग ऑफिसच्या प्रमुखांपुढं ठेवल्या.

या प्रमुखांना सगळा कारखाना फूटपट्टी म्हणायचा. पाठीमागं, अर्थात. समोर साहेब. अंगानं सडसडीत, ताठ, आणि बोलणंही तसंच. हातभर म्हटलं की हातभर, बोटभर इकडंतिकडं नाही. त्यांच्या खात्यातून चुकीची रेघ कधी बाहेर पडली नव्हती, आणि याचा त्यांना इतका अभिमान होता, की लोकांना कधी कधी वाटे, एकदा तरी चुकावी बुवा, म्हणजे माणूस जरा मऊ होईल.

ड्रॉइंग ऑफिसला लागून काचेपलीकडे ट्रेसिंगची खोली होती. तिथं चौघी बायका तिरक्या टेबलांवर वाकून बसत. मूळ ड्रॉइंगवर पातळ कापड अंथरायचं आणि खालची रेघ दिसेल तशी वर शाईनं उतरवायची, हे त्यांचं काम. त्या चौघींतली एक फूटपट्टींची सून.

सूनबाईंना तिथं येऊन फार दिवस झाले नव्हते. फूटपट्टींचा मुलगा तापाचं निमित्त होऊन गेला. लग्नाला धड दोन वर्षंही झाली नव्हती. सगळ्यांना वाटलं, पोरगी आता भावाकडे जाईल. भाऊ न्यायलाही आला. ती म्हणाली, "येते नंतर," आणि गेलीच नाही. का गेली नाही, हे फूटपट्टींनी विचारलं नाही, आणि ते का विचारत नाहीत, हे तिनं विचारलं नाही. नुसतं घरात बसून तिचं डोकं फिरेल म्हणून त्यांनी तिला ट्रेसिंग शिकवलं आणि कामाला लावलं. भाऊ मात्र अधूनमधून येऊन "काय ठरलं?" म्हणून विचारून जायचा. फूटपट्टी त्याला चहा द्यायचे आणि स्वतः खिडकीबाहेर बघत बसायचे.

ऑफिसात फूटपट्टी सुनेला अहो-जाहो करत. "बाई, ही रेघ जाड झाली आहे. पुन्हा करा." सुनेला सांभाळून घेतो असं कोणी म्हणू नये, म्हणून इतरांना एकदा टोकलं तर तिला तीनदा. घरी आल्यावर तीच बाई त्यांना "मामंजी, चहा" म्हणायची आणि ते "पोरी, साखर जास्त झाली" म्हणायचे. तेवढंच काय ते बोलणं. घर म्हणजे कारखान्याच्या दोन खोल्या, सायकल स्टँडच्या वर. सकाळी खालून घंट्यांचा गोंधळ सुरू झाला की दोघं उठायची.

खोल्या कारखान्याच्या होत्या, गोम इथं होती. फूटपट्टींच्या नोकरीचे थोडेच महिने उरले होते. त्यानंतर खोल्या सोडायच्या. ट्रेसिंगच्या बायकांना खोल्या मिळत नसत. त्या मिळत ड्रॉइंग काढणाऱ्यांना, ज्यांचा स्वतःचा ड्रॉइंगचा बोर्ड असे त्यांना. सूनबाईंचा हात तयार होत होता. नवी गाडी नीट पार पडली, की तिच्यासाठी बोर्ड मागावा, असं फूटपट्टींनी मनात धरलं होतं. मागितलं नव्हतं. स्वतःच्या माणसासाठी तोंड उघडणं त्यांना कधी जमलं नव्हतं. पण बोर्ड मिळाला नाही तर काय, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ती जाईल भावाकडे, आपण जाऊ धाकट्या बहिणीकडे, आणि कुलूप लागेल. विचार तिथवर आला की ते पेन्सिलीला टोक करायला घेत.

आता ड्रॉइंगांचं. त्यांवरची मापं परकी होती. ती बदलून आपल्या मापात लिहायची होती. आणि फूटपट्टी इथं एकदा दुधानं तोंड पोळून बसले होते. पूर्वी एका पंपाच्या ड्रॉइंगवर एक परका आकडा तसाच राहिला होता. ऑफिसातून बाहेर पडायच्या आधी सापडला म्हणून बरं, नाहीतर झाकण पातेल्याएवढं झालं असतं. तेव्हापासून ताकसुद्धा फुंकून. त्यांनी फर्मान काढलं, ट्रेसिंगआधी प्रत्येक परका आकडा, प्रत्येक परकं अक्षर पांढऱ्या कागदाच्या पट्टीनं झाकायचं. मूळ ड्रॉइंगही पातळ कापडावरचं, पुढचं मागून दिसणारं. म्हणून पट्टी पुढूनही लावायची आणि मागूनही. ते काम त्यांनी कोणावर सोडलं नाही. डिंकाची बाटली घेऊन स्वतः बसले आणि दोन्ही गुंडाळ्या पुढून मागून बुजवून टाकल्या. एकही आकडा उघडा राहिला नाही. शिवाय परक्या ड्रॉइंगला बोट लावायचं नाही, हाताला घाम असतो, हाही त्यांचाच नियम. इंजिनाची गुंडाळी सूनबाईंकडे गेली, फ्रेमची दुसरीकडे.

ट्रेसिंग झालं. फूटपट्टींनी प्रत्येक रेघ डिव्हायडरनं मापली, मुळाशी ताडून पाहिली, आणि सही केली. केसाचाही फरक नव्हता. साचे झाले, इंजिनांची कवचं ओतली गेली, आतला माल तयार झाला. आणि एका शनिवारी दुपारी जुळणी खात्याच्या फोरमननं पहिलं इंजिन पहिल्या फ्रेममध्ये बसवायला घेतलं.

फोरमनला भोंगा म्हणत. त्याचा आवाज कारखान्याच्या भोंग्याहून मोठा होता.

"साहेब!" त्या दुपारी तो आवाज ड्रॉइंग ऑफिसच्या काचा हलवून आत आला. "ओ साहेब! जरा खाली या, गंमत बघायला!"

फूटपट्टी खाली गेले. इंजिन फ्रेममध्ये बसलं होतं. छान बसलं होतं. फक्त चेनचं दातेरी चाक इंजिनाला होतं डावीकडे आणि मागच्या चाकाला होतं उजवीकडे.

"चेन कुठून नेऊ?" भोंगा म्हणाला. "मधून आडवी नेऊ, की माझ्या गळ्यात घालू?"

लोक हसले. मग फूटपट्टींचा चेहरा पाहून गप्प झाले. फूटपट्टी वाकले, इंजिनाच्या भोवती फिरले. गिअरचा दांडा उजवीकडे. किक उजवीकडे. सगळंच्या सगळं इंजिन आरशातल्यासारखं उलटं झालं होतं. एकही माप चुकलं नव्हतं, आणि सगळंच चुकलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कामाच्या जागी खुर्ची मागितली.

मालक आले. त्यांनी ओतून ठेवलेल्या कवचांच्या राशीकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. मग ताडकन वळून सगळ्यांसमोर म्हणाले, "हे कुणाच्या हातानं झालं, ते सोमवारी सकाळी मला कळलं पाहिजे. ज्याची चूक असेल त्यानं त्याच पावली फाटकाबाहेर जायचं. मग तो कोणी का असेना."

ट्रेसिंगच्या बायका जिन्यात उभ्या होत्या. सूनबाईंनी कठडा घट्ट धरला होता. इंजिन कोणी ट्रेस केलं, हे त्या चौघींना आणि फूटपट्टींना ठाऊक होतं, मालकांना नव्हतं. ट्रेस करणाऱ्या बाईचं नाव ड्रॉइंगवर लिहायची पद्धत नव्हती. कोपऱ्यात सही असायची ती एकट्या साहेबांची.

रविवारी सकाळी दोघांनी चहा घेतला. साखर कमी होती की जास्त, ते कोणाच्या लक्षात आलं नाही. शेवटी फूटपट्टींनी पलंगाखालून एका जुन्या ड्रॉइंगची गुंडाळी काढली आणि जेवायच्या टेबलावर ठेवली.

"कसं मांडलं होतंस, दाखव."

सूनबाईंनी गुंडाळी सोडली. कापड सवयीनं पुन्हा वळायला लागलं. तिनं ते कुठल्या अंगाला वळतंय ते पाहिलं, पालथं केलं, आणि कडा टेबलाला टेकतील असं पसरलं. कडा मुकाट बसल्या. तिनं चार कोपऱ्यांवर चार पेले ठेवले.

"पालथं का घातलंस?"

"कडा उचलू नयेत म्हणून. गुंडाळी ज्या अंगाला वळते ते अंग खाली घालायचं. तुम्हीच शिकवलंत, मामंजी. पहिल्याच दिवशी."

शिकवलं होतं खरं. सगळ्यांनाच शिकवत. पाठवणाऱ्यानं फ्रेमची गुंडाळी रेघा बाहेर ठेवून बांधली होती, इंजिनाची आत ठेवून. तिनं नियमानं मांडली, तशी ती उपडी पडली.

"पण आकडे उलटे दिसले असतील ना! अक्षरं उलटी दिसली असतील!" फूटपट्टींचा आवाज चढला. "शाळेतल्या पोरालासुद्धा कळतं!"

"आकडे झाकलेले होते."

"पुढून. मागून तर दिसतात की!"

"मागूनही झाकलेले होते."

"आणि शाई? बोट फिरवलं असतंस तर कळलं असतं, शाई कुठल्या अंगाला आहे."

बोट लावायचं नाही, हा नियम कोणाचा, ते टेबलाच्या दोन्ही बाजूंना ठाऊक होतं.

फूटपट्टी खाली बसले. अति तिथं माती म्हणतात ती ही. ड्रॉइंगची सुलटी-उलटी बाजू सांगणाऱ्या जेवढ्या खुणा होत्या, तेवढ्या त्यांनी स्वतःच्या हातानं, डिंक लावून, बुजवून टाकल्या होत्या. आणि तपासताना? डिव्हायडर लांबी सांगतो. डावं-उजवं सांगत नाही. पोरीनं चूक केली नव्हती. त्यांचे तीन नियम एकाच वेळी पाळले होते. असा गाढवपणा त्यांच्याखेरीज दुसऱ्या कोणाला जमलाच नसता.

"उद्या मी मालकांना सांगतो," ते म्हणाले. "म्हणतो, इंजिन मीच ट्रेस केलं. तुझं नाव मध्ये येत नाही."

"नाही."

"नाही म्हणजे?"

"त्या रेघा माझ्या आहेत, मामंजी." सूनबाईंचा आवाज बारीक होता, पण हलत नव्हता. "मी इतकी ड्रॉइंगं उतरवली, सगळी तुमच्या सहीखाली गेली. मी कधी हूं की चूं केलं नाही. पण हे इंजिन मी उतरवलंय. एक रेघ पुसावी लागली नाही. ते मी कोणाला देणार नाही, तुम्हालासुद्धा."

"अगं, तो काय मान आहे का? फाटकाबाहेर काढतील तुला!"

"काढू देत."

"मग जाशील कुठं? भावाकडे?"

हे विचारायचं नव्हतं. विचारून गेले. सूनबाईंनी पेले उचलले आणि मोरीत नेऊन विनाकारण धुवायला घेतले. दुपारी दोघं जेवली, पण एकमेकांकडे बघून नाही.

सोमवारी फूटपट्टी रोजच्यासारखे पुढं चालले आणि सूनबाई मागं. पण मालकांच्या खोलीच्या दारात ती झपकन पुढं झाली. फूटपट्टींनी घसा खाकरेपर्यंत तिनं सांगूनही टाकलं, "इंजिनाचं ट्रेसिंग माझं आहे. ड्रॉइंग मी पालथं मांडलं."

मालक तोंड उघडणार, एवढ्यात दार ढकलून भोंगा आत आला आणि त्याच्यामागं टेस्टवाला. हा टेस्टवाला म्हणजे नव्या गाड्या चालवून बघायला मालकांनी ठेवलेला माणूस. काटकुळा, सदा हसतमुख, आणि त्या दिवशी कोपरापर्यंत काळा.

"मालक, खाली चला," तो म्हणाला. "गाडी चालतेय."

"कुठली गाडी?"

"तीच उलटी. काल भोंग्याला घरून ओढून आणला. मागचं चाक काढलं, फिरवून बसवलं, चेन गेली डावीकडे. ब्रेकचा दांडा तारेनं डावीकडे बांधला. एक नट तेवढा चालता चालता सैल होतोय, त्याला उलटे आटे पाडले की झालं. आणि मालक, मजा आली हो! आपल्याकडच्या सगळ्या मोठ्या गाड्यांचा गिअर कुठं आहे? उजवीकडेच ना? लोकांच्या पायाला सवय उजवीची. मी म्हणतच होतो, ही डावीकडची भानगड आपल्या लोकांना रुचायची नाही. हे बेस झालं!"

"फ्रेमला काय, दोन पट्ट्या इकडच्या तिकडं जोडायच्या," भोंगा म्हणाला. त्यानं आवाज लहान केला होता, म्हणजे खाली अंगणातच ऐकू गेला असेल. "आजपासून लागतो."

मालक खिडकीशी गेले. खाली ती गाडी उभी होती आणि तिच्यामागं निळा धूर अजून रेंगाळत होता. मालकांच्या चेहऱ्यावरचं मळभ हळूहळू उतरलं. सुंठीवाचून खोकला गेला होता. पण ते वळले तेव्हा त्यांनी पुन्हा चेहरा ओढून धरला.

"गाडी वाचली हे उत्तम. पण मी सगळ्या कारखान्यासमोर शब्द दिलाय. ज्याची चूक तो बाहेर. आज शब्द गिळला, तर उद्या भट्टीवरचा माणूस माझं ऐकेल का? बाई, मला वाईट वाटतं, पण..."

"थांबा," फूटपट्टी म्हणाले. "चूक कोणाची, हे अजून ठरलेलं नाही."

आणि त्यांनी सांगितलं. डिंकाची बाटली, पुढून पट्टी, मागून पट्टी, गुंडाळीची कड, बोट न लावणं. मोजून मापून, एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. "रेघा हिच्या आहेत, हे खरं आहे, आणि त्या निर्दोष आहेत. हिनं माझे नियम पाळले. एकेक नियम घ्या, बरोबर आहे. सगळे मिळून पाळले की हे होतं. नियम माझे, पट्ट्या माझ्या, तपासून सही केली तीही माझी. तुमचा शब्द राहू द्या. बाहेर मी जातो."

"अहो, तुमचे थोडेच महिने राहिलेत!"

"तेवढे कमी करा."

मग जे कधी जमलं नव्हतं ते फूटपट्टींनी केलं. म्हणाले, "माझा बोर्ड रिकामा होईल. तो हिला द्या. सून म्हणून मागत नाही." थोडं थांबून ते म्हणाले, "सून म्हणूनही मागतो. पण हिची रेघ माझ्याहून सरळ आहे. कोणालाही विचारा."

"सरळ आहे," टेस्टवाला म्हणाला. त्याला रेघेतलं ओ की ठो कळत नव्हतं.

मालकांनी मान हलवली. बोर्ड दिला, बोर्डाबरोबर त्याच दोन खोल्या दिल्या. मग त्यांना धंदा आठवला. "आता गिऱ्हाईकाला काय सांगायचं? चुकून उलटं झालं म्हणून? हसतील लोक. आपण म्हणू, आमच्या प्रमुखांनी लोकांची सवय ओळखून मुद्दाम बदललं. जाता जाता केलेली करामत. दूरदृष्टी!"

"खोटं आहे ते," फूटपट्टी कडाडले. "मी ऐकून घेणार नाही!"

"चूक तुमची म्हणालात ना? मग दूरदृष्टीही तुमचीच. पदरी पडलं पवित्र झालं. या आता."

कारखान्यात कळायचं ते कळलं, चोपडीत जायचं ते गेलं. फूटपट्टी दुपारीच पेटी उचलून घरी निघाले. सूनबाईंना दिवसभर नव्या बोर्डाचा ताबा घ्यायचा होता. भोंग्यानं फ्रेमच्या नव्या पट्ट्यांचं ड्रॉइंग आजच मागितलं होतं, आणि ते तिनं काढलं. कोणाचं खाली ठेवून उतरवलेलं नाही, कोऱ्या कागदावर. कोपऱ्यात तिनं स्वतःचं नाव लिहिलं. टेस्टवाला येऊन ते बघून गेला आणि पुन्हा म्हणाला, "सरळ आहे."

संध्याकाळी ती धावतच जिना चढली. सांगायचं खूप होतं. दारात पाऊल टाकलं आणि थबकली. पलंगावरची गादी गुंडाळलेली. मधोमध फूटपट्टींची ट्रंक, दोरी बांधलेली. आणि शेजारी फूटपट्टी, कोट घालून, बाहेर जायचे बूट घालून.

"कुठं निघालात?"

"बहिणीकडे. तिनं केव्हाचं बोलावलंय."

"आत्याबाईंनी? त्या तुमच्याशी बोलत तरी आहेत का?"

"बोलेल. भाऊ आहे मी तिचा."

"आणि इथं काय झालं?"

फूटपट्टींनी कोटाचं बटण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "इथल्या खोल्या आता तुझ्या. सुनेच्या जिवावर बसून खाणारा सासरा बरा दिसत नाही. तू तरुण आहेस. उद्या पुन्हा संसार मांडावासा वाटला, तर गळ्यात म्हातारा कशाला? पोरगा गेला तेव्हाच तू जायचीस. माझं कोणी नाही, म्हणून कीव येऊन राहिलीस. मला काय कळत नाही? पण झालं तेवढं पुष्कळ झालं."

सूनबाई ट्रंकेवर जाऊन बसल्या. धपकन बसल्या, दोरी करकरली.

"कीव येऊन?" ती म्हणाली. "मामंजी, मला तर वाटत होतं, तुम्ही माझी कीव येऊन मला ठेवून घेतलंय. दर वेळी भाऊ यायचा आणि तुम्ही खिडकीबाहेर बघायचात. मला वाटायचं, यांना म्हणायचं असेल, जा एकदाची, पण तोंडावर म्हणवत नाही."

"मी? मी खिडकीबाहेर बघायचो, कारण..." फूटपट्टी थांबले. त्यांना नेमकं, मोजून मापून बोलायची सवय होती, आणि इथं ती कुचकामाची होती. "कारण तू हो म्हणालीस तर माझा चेहरा तुला दिसायला नको होता."

खाली सायकली सुटत होत्या. घंट्यांचा गोंधळ बराच वेळ चालला. सूनबाईंनी डोळे पुसले, हाताच्या मागच्या बाजूनं, कारण बोटांना शाई होती.

"मला सांगा, तुम्हाला जायचंय?"

"नाही," फूटपट्टी म्हणाले.

"मलाही कुठं जायचं नाही. मग उघडा ती ट्रंक."

"तू उठशील तर उघडेन ना," फूटपट्टी म्हणाले.